बुक ऑफ डेड पहिल्यांदा उघडताय? आधी डेमोत हे करून बघा

मागे एकदा रात्री साडेअकराला मामेभावाचा मेसेज आला, "दादा जिंकलो!!" आणि खाली स्क्रीनशॉट. इजिप्तचं अंधारं देऊळ, दोन बाजूंना दगडी खांब, मधे तीन ए एका ओळीत चमकतायत आणि त्यावर सोनेरी अक्षरात ५. मी विचारलं, लावले किती होतेस? बराच वेळ नुसतं टायपिंग टायपिंग दिसत राहिलं आणि मग उत्तर आलं, "१०".

गेम होता बुक ऑफ डेड, म्हणजे स्लॉट, बटण दाबून चित्रांची चाकं फिरवायचा ऑनलाइन जुगार. नशिबाने तो डेमो होता, खोटे कॉइन. पण दहा लावून पाच परत आले आणि गडी जिंकलो म्हणून रात्री मेसेज करतोय, यातच या गेमची अर्धी गंमत आणि अर्धी गोम आहे. त्या रात्री त्याला फोनवर जे समजावलं तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण त्यानंतर अजून दोघातिघांनी हेच विचारलं.

सुरुवातीलाच सांगतो, हे सगळं डेमोसाठी आहे. पैसे लावून कसं खेळायचं हे मी सांगणार नाही आणि त्याचं कारण नुसतं संस्कार वगैरे नाही, कायदा पण आहे, त्याबद्दल पुढे येतोच.

गेम कुठला आणि कोणाचा

इजिप्तच्या थीमवर शेकड्याने स्लॉट आहेत, पण नवीन माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एकावर येऊन पोचतो. एक बुक ऑफ रा, ऑस्ट्रियाच्या नोव्होमॅटिक कंपनीचा, २००५ चा. दुसरा बुक ऑफ डेड, स्वीडनच्या प्लेन गो कंपनीचा, २०१६ चा. दुसरा पहिल्याच्याच वळणावर गेलेला आहे, हे दोन्ही खेळून बघितले की पाच मिनिटात कळतं. दोन्हीत पाच उभ्या रील, म्हणजे चित्रांच्या फिरत्या पट्ट्या, तीन आडव्या ओळी, दोन्हीत एक जादूचं पुस्तक, दोन्हीत हॅट घातलेला गोरा साहसवीर. मी इथे बुक ऑफ डेड धरून चालतो कारण माझा हात त्याच्यावर जास्त बसलाय, पण यातलं बहुतेक सगळं या जातीच्या कुठल्याही गेमला लागू पडतं.

डेमो उघडताना

बऱ्याच गेम कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर ब्राउझरमध्येच डेमो चालतो. वय विचारतात, १८ च्या वर आहे का म्हणून, तेवढं सोडलं तर खरा डेमो तुमच्याकडे काही मागत नाही. मोबाइल नंबर, ओटीपी, यूपीआय आयडी, पॅन, सेल्फी यातलं काहीही मागितलं तर तो डेमो नाहीये, टॅब बंद करा. टेलिग्रामवरून आलेली एपीके फाइल तर अजिबात इन्स्टॉल करायची नाही. त्या एपीकेच्या आत दिसायला हाच गेम असेल, तेच देऊळ, तेच पुस्तक, पण मागचं गणित कोणी लिहिलंय हे कोणालाच माहीत नसतं आणि वर ती तुमचे एसएमएस वाचायची परवानगी मागते ते वेगळंच.

अजून एक, फोनवर टायमर लावा. वीस मिनिटं. मला आधी हे बालिश वाटायचं, पण स्लॉटमध्ये वेळ कसा जातो ते कळतच नाही, घड्याळ दिसत नाही, लेव्हल संपत नाही, गेम ओव्हर असं कधी येतच नाही.

स्पिन दाबायच्या आधी तीन आकडे

खालच्या पट्टीवर लाइन्स, कॉइन्स आणि कॉइन व्हॅल्यू अशा तीन गोष्टी सेट होतात. नवीन माणूस इकडे बघतच नाही, मोठ्या गोल बटणावर बोट ठेवतो आणि सुरू. तसं करू नका, आधी हे तीन आकडे बघा, कारण तुमची एका स्पिनची बेट, म्हणजे लावलेली एकूण रक्कम, हा या तिघांचा गुणाकार असतो. दहा लाइन्स, प्रत्येक लाइनवर एक कॉइन, कॉइनची किंमत १, म्हणजे बेट १०. कॉइन्स एकवरून पाचवर नेले की तीच बेट ५० झाली आणि स्क्रीनवर दिसायला काहीच फरक पडत नाही, तेच देऊळ तेच संगीत.

लाइन म्हणजे काय तर डावीकडच्या रीलपासून उजवीकडे जाणारा ठरलेला रस्ता. काही सरळ, काही नागमोडी. एकच चिन्ह डावीकडून सुरू होऊन सलग रीलवर त्या रस्त्यावर बसलं तर पैसे. मधल्या तीन रीलवर तीन अनुबिस, म्हणजे गेममधला एक देव, आले आणि पहिल्या रीलवर दुसरंच काहीतरी, तर शून्य, कितीही सुंदर दिसलं तरी. लाइन्स कमी पण करता येतात, दहाच्या जागी एक ठेवून खेळता येतं, पण मग नऊ रस्त्यांवर जे काही जुळेल ते नुसतं बघत बसायचं. डेमोत दहाच ठेवा, हिशोब सोपा जातो.

पेटेबल म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड, पण उलटं

कोपऱ्यात आय असलेलं किंवा पेटेबल लिहिलेलं बटण असतं. ते उघडा आणि सगळी पानं वाचा, खरंच वाचा. तिथे कुठल्या चिन्हाला किती मिळतात ते असतं, आणि ते आकडे एका लाइनवरच्या बेटचे पट असतात, पूर्ण बेटचे नाही, आणि माझा मामेभाऊ इथेच घसरला.

तीन ए ला ५ पट. लाइनवर १ लावलाय म्हणजे मिळाले ५. पण स्पिनला एकूण गेले १०. म्हणजे निव्वळ ५ गेले, आणि गेमने मात्र लाइन चमकवली, आवाज काढला, आकडा टणाटण वर चढवला. याला या विषयातले अभ्यासक विजयाचा मुखवटा घातलेला तोटा म्हणतात, आणि हा प्रकार इतका परिणाम करतो की ब्रिटनच्या जुगार आयोगाने २०२१ पासून असा तोटा वाजतगाजत साजरा करायलाच बंदी घातली. ऑटोप्ले, म्हणजे आपोआप स्पिन होत राहणं, ते पण तिथे बंद केलं, आणि दोन स्पिनमध्ये किमान अडीच सेकंद जायलाच पाहिजेत असा नियम केला. २०२५ मध्ये पुढे जाऊन ऑनलाइन स्लॉटवर एका स्पिनला जास्तीत जास्त ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्या मुलांसाठी २ पौंड अशी मर्यादा आणली. जिथे हे खेळ कायदेशीर आहेत तिथेसुद्धा सरकारला हे एवढे लगाम घालावे लागतात.

बाकी पेटेबल असं. दहा, जे, क्यू हे सगळ्यात खालचे, पाच जुळले तर १०० पट. के आणि ए पाच जुळले तर १५०. होरस, म्हणजे ससाण्याचं तोंड असलेला देव, आणि अनुबिस, कोल्ह्याच्या तोंडाचा, दोघं ७५०. फॅरोचा, म्हणजे इजिप्तच्या राजाचा, मुखवटा २,०००. आणि सगळ्यात वर कोण, तर देव नाही, राजा नाही, तो हॅटवाला रिच वाइल्ड, ५,०००. हजारो वर्षांच्या संस्कृतीत सगळ्यात महाग वस्तू म्हणजे तिथे खजिना लुटायला आलेला माणूस! मला दर वेळी हसू येतं.

डेमोत पहिल्या पन्नास स्पिनसाठी माझी एक सवय उचला, कागद घ्या. दोन रकाने. गेमने किती वेळा जिंकलात म्हणून वाजवलं, आणि त्यातल्या किती वेळा खरंच बेटपेक्षा जास्त परत आलं. दुसरा रकाना पहिल्यापेक्षा किती लहान निघतो ते स्वतःच बघा, मी आकडा सांगत नाही कारण प्रत्येकाचा वेगळा येईल आणि दुसऱ्याचा आकडा ऐकून डोक्यात काही बसत नाही.

पुस्तक

आता गेमचा जीव. पुस्तक हे चिन्ह दोन कामं करतं. एक, ते वाइल्ड आहे, म्हणजे पत्त्यातल्या जोकरसारखं कुठल्याही चिन्हाच्या जागी चालतं. दोन, ते स्कॅटर आहे, म्हणजे लाइनची पर्वा न करता कुठेही तीन पुस्तकं पडली की दहा फ्री स्पिन सुरू.

फ्री स्पिन सुरू व्हायच्या आधी पुस्तकाची पानं फडफडतात आणि एक चिन्ह निवडलं जातं. पुढच्या दहा स्पिनमध्ये ते चिन्ह खास. पुरेशा रीलवर ते आलं की ती अख्खी रील त्याच चिन्हाने वरपासून खालपर्यंत भरते, आणि इथे मजा ही की या रील शेजारी शेजारी असायची गरज नाही. पहिली, तिसरी आणि पाचवी भरली तरी चालतं आणि दहाच्या दहा लाइनवर पैसे मिळतात.

हिशोब करून बघू म्हणजे डोक्यात बसेल. खास चिन्ह ए निघालं, तीन रील भरल्या. तीन ए ला ५, गुणिले दहा लाइन, ५०. बेट १० होती, म्हणजे पाचपट. बरं आहे, फार नाही. आता खास चिन्ह रिच वाइल्ड निघालं आणि तीनच रील भरल्या. तीन रिच वाइल्डला १००, गुणिले दहा, १,०००. म्हणजे बेटच्या शंभरपट! आणि पाचही रील भरल्या तर ५,००० गुणिले दहा, ५०,०००, म्हणजे एकूण बेटच्या ५,००० पट. जाहिरातीत जो पाच हजार पटचा आकडा ओरडून सांगतात तो हाच, आणि तो यायला आधी तीन पुस्तकं, मग नेमकं तेच चिन्ह, मग पाचही रीलवर ते, असे तीन दरवाजे एकामागून एक उघडायला लागतात.

या रचनेबद्दल मी मनापासून दाद देतो. एक साधं चिन्ह निवडलं जातं त्या दोन सेकंदात माणूस खुर्चीत पुढे सरकतो. दहा निघालं तर च्च, फॅरो निघाला तर अरे वा. बनवणाऱ्याला माणूस कळलाय. पण त्याचाच अर्थ असा की या गेमचे बरेचसे पैसे क्वचित येणाऱ्या त्या मोठ्या फेऱ्यांमध्ये कोंबून ठेवलेत आणि मधला सगळा रस्ता कोरडा. यालाच हाय व्होलॅटिलिटी म्हणतात. शेकडो स्पिन काहीच नाही आणि मग एकदम पाऊस, किंवा पाऊस पण नाही. डेमोत हे एकदा अनुभवा, १,००० कॉइन घेऊन १० ची बेट लावा आणि संपेपर्यंत जा. कधी पाचशे स्पिन चालेल, कधी चहा गार व्हायच्या आत साफ.

आरटीपी, म्हणजे मोठं नाव आणि छोटा हिशोब

आरटीपी म्हणजे लावलेल्या शंभरातले सरासरी किती खेळणाऱ्यांकडे परत जातात. बुक ऑफ डेडचा मूळ आकडा ९६.२१ टक्के. ऐकायला किती छान, जवळजवळ सगळं परत! इथेच दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा. हा टक्का तुम्ही खिशातून आणलेल्या पैशावर नसतो, तुम्ही एकूण फिरवलेल्या पैशावर असतो. तीन सेकंदाला एक स्पिन धरली तर मिनिटाला वीस, तासाला १,२००. दहाची बेट म्हणजे तासाभरात १२,००० फिरवले, खिशात १,००० च आणले असले तरी, कारण जिंकलेले परत परत लावले जातात. १२,००० चे ३.७९ टक्के म्हणजे ४५५ च्या आसपास. सरासरी तासाला ४५५ गेले, आणि ही सरासरी, तुमच्या नशिबी त्या तासात हजार पण जाऊ शकतात. सिनेमाचं तिकीट स्वस्त पडलं असतं.

दुसरा खड्डा फार लोकांना माहीतच नाही. हाच गेम, हुबेहूब हीच चित्रं आणि हाच आवाज, कंपनी वेगवेगळ्या आरटीपीत देते. ९६.२१ आहे, ९४.२५ आहे, ९१.२५ आहे, ८७.२५ आहे आणि ८४.१८ पण आहे. कुठला लावायचा ते साइटवाला ठरवतो. ८४.१८ वर तोच तास, तेच १२,०००, आणि जाणार १,८९८. चौपटीपेक्षा जास्त, आणि स्क्रीनकडे बघून कळायचं काही कारण नाही. फक्त मदतीच्या पानावर अगदी शेवटी बारीक अक्षरात तो आकडा लिहिलेला असतो. डेमोत तो शोधून काढा, सरावासाठी. दुधाच्या पिशवीवर फॅट बघतो ना आपण, तसं.

बुक ऑफ राच्या जुन्या आवृत्तीचा आरटीपी तर ९२.१३ च आहे, डिलक्सचा ९५.१०. नाव मोठं म्हणजे परतावा मोठा असं काही नसतं.

बटण दाबल्यावर आत काय होतं

रील फिरताना दिसतात ते नुसतं चित्र आहे. आत आरएनजी नावाचा प्रोग्राम सतत आकडे काढत असतो, तुम्ही दाबलं त्या क्षणीचा आकडा उचलला, निकाल लागला, मग आपल्या समाधानासाठी रील फिरवून दाखवल्या. त्यामुळे पुन्हा दाबून रील लवकर थांबवली तर निकाल बदलत नाही, फक्त लवकर दिसतो. मशीन गरम झालंय, आता देईल, रात्री दोन नंतर जास्त देतं, बेट वाढवली की पुस्तक येतं, हे सगळं आपल्या मटक्याच्या आकडा काढणाऱ्यांसारखं आहे, वहीत पानंच्या पानं भरतात, काल तिर्री आली म्हणजे आज अमुक येणार. येणार नाही. मागच्या स्पिनची आठवण मशीनला नसते, फक्त आपल्याला असते.

दोन पुस्तकं पडली आणि पाचवी रील जरा जास्त वेळ फिरली, संगीत चढलं, आणि तिसरं पुस्तक एका घराने हुकलं, हे डेमोत खूप वेळा दिसेल. थोडक्यात गेलं असं वाटतं. गेलं नाही, ते कधी आलेलंच नव्हतं, निकाल आधीच लागलेला होता. हे कळून सुद्धा छातीत धस्स होतंच, माझ्या अजून होतं.

जिंकल्यावर एक गॅम्बल बटण येतं. पत्ता लाल की काळा ओळखा, दुप्पट. रंगाचा प्रकार ओळखा, म्हणजे बदाम इस्पिक वगैरे, चौपट. चुकलं की ते जिंकलेलं सगळं गेलं. सलग पाच वेळा लाल काळा बरोबर यायची शक्यता ३२ मध्ये १. डेमोत हे खुशाल दाबा आणि किती वेळा हात रिकामा राहतो ते मोजा.

कायदा आणि पैशाचं काय

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा प्रचार आणि नियमन कायदा मंजूर केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्यात ठेवलाच नाही, पैसे लावले की बंदी. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तो पीडित धरलाय. पण याचा व्यवहारातला अर्थ बघा, कोणी परदेशातली साइट तुम्हाला रुपयात खेळवत असेल आणि उद्या पैसे अडकले तर तुम्ही दाद कोणाकडे मागणार?

गोव्याचं वेगळं आहे. तिथे १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी दिली, मग मांडवीतल्या बोटी आल्या. पण ते प्रत्यक्ष जाऊन खेळायचं, फोनवरून नाही. महाराष्ट्राने पण १९७६ मध्येच कॅसिनोचा कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. त्यामुळे महाराष्ट्रात लायसन्स आहे असं सांगणारा कोणी भेटला तर तो खोटं बोलतोय, एवढं साधं आहे.

माझ्या ऑफिसमधला एकजण अशा एका अ‍ॅपवर अडकला होता. आधी ५०० चे २,३०० झाले, काढून पण दिले. मग त्याने मोठी रक्कम टाकली, स्क्रीनवर लाखाच्या पुढे आकडा गेला, आणि काढायला गेला तर चॅटवर उत्तर, आधी तीस टक्के टॅक्स भरा मग रक्कम सुटेल. त्याने भरला. मग म्हणे व्हेरिफिकेशन फी. ती पण भरली! जिंकलेल्या रकमेतून कापून घ्या की, असं मी म्हटल्यावर तो गप्प बसला, कारण ते त्याला पण सुचलं होतं, फक्त तोपर्यंत गेलेले पैसे परत यायची आशा मोठी झाली होती. असं काही झालं तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम मधे थांबवता यायची शक्यता जास्त. आणि खेळ थांबवताच येत नसेल, झोप उडाली असेल, उधारी सुरू झाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

चित्रांकडे जरा बघा

आता माझा आवडता भाग, ज्यासाठी मी खरं तर हा डेमो अजून उघडतो.

गेममधलं पुस्तक जाडजूड, बांधणी केलेलं, पानं उलटणारं. खऱ्या प्राचीन इजिप्तमध्ये असलं पुस्तक नव्हतंच, पपायरसची गुंडाळी असायची. मृतांचं पुस्तक हे नाव पण इजिप्शियन नाही, जर्मन अभ्यासक लेप्सिउसने १८४२ मध्ये दिलेलं. मूळ नावाचा अर्थ साधारण दिवसाच्या उजेडात बाहेर येण्याचे मंत्र असा आहे. मेल्यावर पुढच्या प्रवासात कुठल्या दारावर काय म्हणायचं, कुठल्या सापाला कसं टाळायचं, याची ती मार्गदर्शिका. ज्याला परवडेल तो स्वतःसाठी लिहून घ्यायचा, आणि तयार गुंडाळ्या पण मिळायच्या, नावाची जागा मोकळी सोडलेल्या, गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. आपल्याकडे पावतीबुकात कै. च्या पुढे जागा सोडलेली असते ना, अगदी तसंच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली आनी नावाच्या माणसाची गुंडाळी यातली सगळ्यात प्रसिद्ध, सुमारे इसवीसनपूर्व १२५० ची.

तिच्यात तराजूचं चित्र आहे. एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज, दुसऱ्यात सत्याची देवी मात हिचं पीस. तराजू सांभाळतोय अनुबिस, तोच गेममधला ७५० वाला. बाजूला थॉथ देव लेखणी घेऊन निकाल लिहितोय. आणि मागे अम्मीत टपून बसलीय, तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं, पारडं झुकलं की काळीज तिच्या तोंडात. चित्रगुप्ताची वही आपल्याला माहीत असल्यामुळे हे चित्र बघायला आपल्याला तळटीप लागत नाही.

आणि त्या थॉथची एक गोष्ट प्लुटार्क या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलीय. नूत देवीला वर्षाच्या कुठल्याच दिवशी मूल होणार नाही असा शाप होता. मग थॉथने चंद्राशी सोंगट्या खेळून त्याच्या प्रकाशाचा सत्तरावा भाग जिंकला, त्यातून पाच दिवस तयार केले आणि ३६० दिवसांच्या वर्षाला जोडले. त्या पाच दिवसात ओसायरिस, इसिस वगैरे देव जन्मले. जुगारात जिंकून कॅलेंडर दुरुस्त करणारा देव, आणि या स्लॉटच्या पेटेबलमध्ये तो कुठेच नाही!

पत्ते मात्र आहेत. फॅरोंच्या देवळात दगडावर कोरलेले ए, के, क्यू, जे, दहा. इजिप्तमध्ये पत्ते आले ते ममलूक सुलतानांच्या काळात, म्हणजे फॅरो तुतनखामेनच्या नंतर अडीच हजार वर्षांहून जास्त. डिझायनरला पाच स्वस्त चिन्हं हवी होती, दिली चिकटवून. आणि खरी ममी बघायची असेल तर बडोद्याच्या म्युझियममध्ये आहे, सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या, काचेच्या पेटीत. तिथे उभं राहिल्यावर गेममधलं संगीत आठवून जरा ओशाळायला होतं.

पैशाशिवाय इजिप्शियन नशीब खेळायचं असेल तर

मामेभावाला शेवटी मी सेनेत नावाचा प्राचीन इजिप्तचा पटावरचा खेळ शिकवला. तुतनखामेनच्या थडग्यात हॉवर्ड कार्टर या संशोधकाला याचे पट सापडले, आणि नेफरतारी राणीच्या थडग्यात तर भिंतीवर ती स्वतः सेनेत खेळतानाचं चित्र आहे. मूळ नियम कुठे लिहिलेले मिळाले नाहीत, आज खेळतात ते अभ्यासकांनी चित्रांवरून आणि पटांवरून जुळवलेले, त्यामुळे थोडेफार फरक दिसतील.

पुठ्ठ्यावर तीन ओळी, प्रत्येकी दहा घरं, एकूण ३०. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उलटी, तिसरी परत सुलटी, म्हणजे उलट्या इंग्रजी एस सारखी वाट. प्रत्येकाच्या पाच सोंगट्या, पहिल्या दहा घरात एकाआड एक. फाशाऐवजी आइस्क्रीमच्या चार काड्या, एका बाजूला स्केचपेनने रंग. जितक्या कोऱ्या बाजू वर तितकी घरं, एकही कोरी नाही आली तर पाच. समोरच्याची एकटी सोंगटी गाठली तर जागांची अदलाबदल, पण त्याच्या दोन शेजारी शेजारी असतील तर हात लावता येत नाही. २६ व्या घरात प्रत्येक सोंगटीला थांबावंच लागतं. २७ वं पाण्याचं, तिथे पडलात की मागे १५ व्या घरात. २८ वरून सुटायला नेमके तीन लागतात, २९ वरून दोन. सगळ्या सोंगट्या आधी बाहेर काढेल तो जिंकला.

परवा तो त्याच्या मुलीबरोबर खेळत होता, मी व्हिडिओ कॉलवर. ती सहा वर्षांची. त्याची शेवटची सोंगटी २६ वर, काड्या टाकल्या, एकच कोरी वर. "बाबा पाण्यात!" म्हणून ती एवढ्या जोरात ओरडली की मामी स्वयंपाकघरातून काय सांडलं म्हणून बघायला आली.